हबसाणची राजमाता एलेनी

महाराष्ट्राचा इतिहास वाचणाऱ्यास हबशी हा शब्द अपरिचित नाहीं. निजामशाहीचा डळमळता डोलारा सांवरून धरणारा मलिक अंबर जन्मानें हबशी होता आणि जंजिऱ्याचे सिद्दी हेही हबशी म्हणूनच ओळखले जात. परंतु हे पराक्रमी पुरुष ज्या हबसाण देशाचे म्हणून गणले गेले, त्या देशाविषयीं आपलें ज्ञान बहुधा एवढ्यावरच थांबतें. हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया. आफ्रिका खंडाच्या ईशान्येस, तांबड्या समुद्राच्या पलीकडे उंच पठारांवर वसलेल्या या देशांत इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म रुजलेला आहे. या देशाच्या राजघराण्यांत पंधराव्या शतकांत एक असामान्य स्त्री होऊन गेली. तिचें नांव एलेनी. तिनें हजारों कोसांवरील पोर्तुगालच्या राजाकडे मैत्रीचा हात पुढें केला, तेव्हां तिच्या स्वतःच्या दरबारासही त्याची किंमत कळली नाहीं. आणि ती कळली तेव्हां एलेनी या जगांत नव्हती. अशा या दूरदर्शी राजमातेचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हबसाणच्या दक्षिणेस हादिया नांवाचें एक मुसलमानी संस्थान होतें. तेथील राजास गराद असें म्हणत. हें संस्थान हबसाणच्या सम्राटाचें मांडलिक असून त्यास खंडणी भरीत असे. एलेनी ही या हादियाच्या गराद मेहमदाची कन्या. दोन राज्यांचा संबंध दृढ व्हावा म्हणून मांडलिकानें आपली मुलगी सम्राटाच्या घरीं द्यावी, ही रीत आपल्याकडील इतिहासांतही दिसून येते. त्याच रीतीस अनुसरून ही मुसलमान राजकन्या सम्राट जरा याकोब याच्या अंतःपुरांत आली, तिनें बाप्तिस्मा घेतला व ती एलेनी झाली. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याची माता हेलेना हिच्या नांवाचें हें हबशी रूप होय. प्रभु ख्रिस्ताचा क्रूस जेरुसलेमांत हेलेनेस सांपडला अशी परंपरागत श्रद्धा आहे. या नांवाचा व क्रूसाचा संबंध एलेनीच्या आयुष्यांत पुढें एका निराळ्याच प्रसंगीं जुळून यावयाचा होता.

जरा याकोब यानें १४३४ पासून १४६८ पर्यंत राज्य केलें. तो मोठा विद्वान् व कर्तृत्ववान् राजा होता. परंतु त्याचा स्वभाव संशयी व शासन अत्यंत कठोर होतें. प्रत्यक्ष पोटच्या मुलामुलींसही त्याच्या कोपांतून सुटका नसे. युवराज बैदा मर्याम याची आई तर त्याच्या आज्ञेनें झालेल्या मारानेंच मरण पावली. अशा दरबारांत परक्या घरून आलेल्या निपुत्रिक राणीनें आपलें स्थान नुसतें टिकवावें असें नव्हे, तर सर्वांचा आदर संपादन करावा, ही गोष्ट सामान्य नाहीं. जिभेवर ताबा, कामांत दक्षता आणि माणसें ओळखण्याची कला या तीन गुणांवांचून तें घडतें ना.

जरा याकोबाच्या मागून बैदा मर्याम गादीवर आला. स्वतःची आई गमावलेल्या या राजानें एलेनीस आईच्या जागीं मानून राजमातेचा मान दिला. त्याच्या कारकीर्दीच्या बखरींत या राणीची थोरवी वर्णिली आहे. ती धर्माचरणांत निष्ठावंत होती, ग्रंथवाचनांत निपुण होती, कायदा जाणणारी होती व राज्याच्या कारभारांत तिची मति चाले. इतकेंच नव्हे, तर राजवाड्यांतील भोजनाची व्यवस्था ठेवण्यांतही तिचा हातखंडा होता, असें बखरकार सांगतो. मुदपाकखान्यापासून न्यायासनापर्यंत सर्वत्र जिची दृष्टि फिरत होती अशी ही स्त्री होती. गीझ या हबसाणच्या धर्मभाषेंतील दोन धार्मिक ग्रंथही परंपरेनें तिच्या नांवावर सांगितले जातात. गोज्जाम प्रांतांत मेर्तुले मर्याम येथें तिनें एक भव्य मंदिर बांधविलें. त्या जागीं पुढील काळांत उभारलेल्या मंदिराचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात.

बैदा मर्याम १४७८ मध्यें वारला. त्याचा मुलगा एस्केंदर त्या वेळीं लहान होता. तो वाढून राज्य करूं लागला आणि १४९४ मध्यें एका लढाईंत मारला गेला. त्याच्यामागून एक बालराजा सहा महिने गादीवर राहिला व नंतर नाओद सम्राट झाला. राजे येत होते व जात होते. परंतु एलेनी मात्र राजवाड्याच्या आधारस्तंभाप्रमाणें उभीच होती. तिचा शब्द कधीं अधिक चाले, कधीं कमी चाले. परंतु तो अजीबात डावलणें कोणासही शक्य झालें नाहीं.

याच सुमारास हबसाणांत एक पोर्तुगीज गृहस्थ येऊन पोहोंचला. त्याचें नांव पेरो द कोव्हिल्यां. पूर्वेकडे कोठेंतरी प्रेस्टर जॉन नांवाचा एक बलाढ्य ख्रिस्ती राजा आहे अशी एक आख्यायिका त्या काळीं यूरोपांत घरोघर प्रचलित होती. त्या राजाचा व मसाल्याच्या देशांचा शोध लावण्यासाठीं पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन यानें १४८७ मध्यें पेरोस गुप्तपणें रवाना केलें होतें. व्यापाऱ्याच्या वेषांत कैरो, एडन, कालिकत, गोवा असा प्रवास करीत तो १४९३ च्या सुमारास हबसाणांत आला. एस्केंदरानें त्याचें स्वागत केलें. परंतु देशांत आलेल्या परकीयास परत जाऊं द्यावयाचें नाहीं असा तेथील रिवाज होता. पेरोस जमिनी मिळाल्या, बायको मिळाली, मान मिळाला. फक्त परतीचा मार्ग मिळाला नाहीं. त्याचें उरलेलें आयुष्य तेथेंच गेलें. एलेनीस मात्र या कैदी पाहुण्याचा मोठा उपयोग झाला. पोर्तुगाल कोठें आहे, त्याचीं जहाजें कशीं आहेत, त्याच्या तोफा काय करूं शकतात, हें सर्व तिला त्याच्या तोंडून कळलें.

१५०८ मध्यें नाओद लढाईंत पडला. त्याचा मुलगा लेब्ना डेंगेल हा अवघा अकरा-बारा वर्षांचा होता. राज्याची सूत्रें पुन्हां या वृद्ध राजमातेच्या हातीं आलीं. नाओदाची विधवा राणी आणि देशाचे मुख्य धर्माध्यक्ष आबूना मार्कोस यांच्या सहकार्यानें एलेनी कारभार पाहूं लागली.

त्या वेळची राज्याची स्थिति नीट ध्यानांत घेतली पाहिजे. हबसाणचें पठार उंच व दुर्गम. पण समुद्राकाठची सखल पट्टी व झैलासारखीं बंदरें मुसलमानी सत्तांच्या हातीं होतीं. हबसाणास आरमार मुळींच नव्हतें. पूर्वेस अदलचें राज्य होतें. झैलाचा सुभेदार महफूझ हा वर्षानुवर्षें हबसाणवर स्वाऱ्या करी. त्यासाठीं तो ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवासाचा काळ निवडीत असे, कारण त्या दिवसांत हबशी सैनिक उपासानें क्षीण झालेले असत. पठारावरील राज्य म्हणजे भोंवतालच्या पाण्यांत उभें राहिलेलें एक बेट झालें होतें. एलेनी जन्मानें मुसलमान राजघराण्यांतील असल्यामुळें शेजाऱ्यांचें मन तिला चांगलें कळे. व्यापार व नातेसंबंध यांच्या योगानें शांतता राखावी असाच तिचा कल होता. परंतु शांततेवर भरंवसा ठेवणाऱ्यानें संकटाची तयारी करूं नये असें तिला वाटत नव्हतें. आपला शत्रु आज वर्षाकाठीं एकदां लूट करून परत जातो. उद्यां त्याच्या हातीं बंदुका व तोफा आल्या म्हणजे तो परत जाईलच असें नाहीं, हें तिनें ओळखलें होतें. आग लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं, हें आपल्या आजीबाईंचें शहाणपण या हबशी राजमातेजवळ पुरेपूर होतें.

१५०८ मध्येंच पोर्तुगीज आरमारानें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविलेले दोन दूत हबसाणांत येऊन पोहोंचले. पोर्तुगीज आतां तांबड्या समुद्राच्या दाराशीं आले आहेत हें त्यांच्यामुळें निश्चित झालें. मग एलेनीनें विलंब केला नाहीं. १५०९ च्या सुमारास तिनें पोर्तुगालचा राजा मानुएल यास एक पत्र लिहिलें. दोन्ही राजघराण्यांनीं आपसांत मुलामुलींचीं लग्नें करून सोयरीक जोडावी. पोर्तुगीजांचें बळ समुद्रावर आहे, हबसाणचें जमिनीवर आहे, तेव्हां दोघांनीं मिळून शत्रूशीं सामना करावा. हबसाण आपल्याकडून माणूसबळ व धान्यसामग्री यांची उणीव पडूं देणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. त्या पत्रांत याचनेचा सूर नव्हता. एका राज्यानें दुसऱ्या राज्याशीं बरोबरीच्या नात्यानें केलेली ती बोलणी होती. पत्रासोबत तिनें एक भेट पाठविली. ख्रिस्ताच्या मूळ क्रूसाचा म्हणून जेरुसलेमाहून आलेला तो एक लांकडाचा तुकडा होता. हेलेनेचें नांव धारण करणाऱ्या राणीनें दुसरी कोणती भेट पाठवावी!

हें पत्र नेण्यासाठीं तिनें मातेउस नांवाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याची वकील म्हणून निवड केली. हबशी सरदार वाटेंत सहज ओळखला गेला असता; परंतु व्यापाऱ्यास बंदरोबंदरीं फिरतांना कोणी फारसें हटकीत नाहीं. ही निवड शहाणपणाची होती. मात्र त्याच निवडीमुळें त्या बिचाऱ्यास पुढें जो छळ सोसावा लागला, त्यास सीमा नाहीं.

मातेउस तांबडा समुद्र ओलांडून हिंदुस्थानाकडे निघाला आणि १५१२ मध्यें आपल्या कोंकणांतील दाभोळ बंदरीं उतरला. दाभोळ तेव्हां विजापूरच्या आदिलशाहीकडे होतें. तेथील अधिकाऱ्यानें त्यास अडकवून ठेवलें. ही वार्ता गोव्यास आल्बुकर्क यास कळतांच त्यानें त्याची सुटका करविली व वर्षअखेर त्यास गोव्यांत आणविलें. क्रूसाच्या तुकड्याचें मिरवणुकीनें स्वागत झालें. आल्बुकर्काचा वकिलावर विश्वास बसला. परंतु त्याच्या हाताखालील कित्येक पोर्तुगीजांचा बसला नाहीं. हा हबशी दिसत नाहीं, हा गोरा आहे, हा कैरोच्या सुलतानाचा हेर असावा, अशी कुजबूज सुरू झाली. हिंदुस्थानांतून पोर्तुगालला जातांना जहाजावरील कप्तानांनीं त्यास व त्याच्या पत्नीस अतिशय अपमानाची वागणूक दिली. १५१४ च्या आरंभीं जहाज लिस्बनला लागलें व खरी हकीकत उघड झाली, तेव्हां राजा मानुएलानें त्या कप्तानांस तुरुंगांत टाकलें. मातेउसनें मात्र राजाकडे रदबदली करून त्यांस सोडविलें. आपणांस छळणाऱ्यांसाठीं शब्द टाकणारा हा मनुष्य कोणत्या राणीनें निवडला होता, हें येथें लक्षांत येतें.

मानुएल राजास अत्यानंद झाला. ज्या राजाचा शोध त्याच्या पूर्वजांनीं इतकीं वर्षें केला, त्याच्याच घरचें पत्र आतां त्याच्या हातांत होतें. त्यानें ही शुभवार्ता पोपला कळविली. दुआर्ते गाल्व्हांव नांवाच्या एका वयोवृद्ध मुत्सद्द्यास मोठ्या नजराण्यासह वकील नेमून १५१५ मध्यें मातेउसबरोबर रवाना केलें. परंतु दैव अनुकूल नव्हतें. नव्या पोर्तुगीज गव्हर्नरानें टाळाटाळ केली, आरमार तांबड्या समुद्रांत भटकलें आणि १५१७ मध्यें कामरान बेटावर वृद्ध गाल्व्हांव याचा अंत झाला. मातेउस पुन्हां हिंदुस्थानांत येऊन वाट पाहत बसला. नजराण्यांतील पुष्कळ मौल्यवान् वस्तु नष्ट झाल्या.

इकडे हबसाणांत काळ पालटला होता. लेब्ना डेंगेल आतां तरुण झाला. १५१६ च्या सुमारास त्यानें महफूझवर चाल करून त्याच्या सैन्याचा धुव्वा उडविला. एका संन्याशानें द्वंद्वयुद्धांत महफूझचा शिरच्छेद केला. त्याच सुमारास पोर्तुगीजांनीं झैला बंदर जाळलें. विजयाच्या आनंदांत तरुण सम्राटास वाटलें कीं शत्रु कायमचा संपला. मग परक्यांच्या मदतीची गरजच काय? वृद्ध राजमातेची सावधगिरी ही त्याला म्हातारपणाची भीति वाटली असावी. कारभारांतून एलेनी हळूहळू बाजूस पडली.

अशा वेळीं, म्हणजे एप्रिल १५२० मध्यें, पोर्तुगीज जहाजें मसावा बंदरास लागलीं. रोद्रिगो द लीमा हा आतां मुख्य वकील होता व फ्रांसिस्को आल्वारिश नांवाचे पाद्री त्याच्या सोबत होते. मातेउसही होता. अकरा वर्षांनंतर त्याचे पाय हबसाणच्या भूमीस लागले. परंतु एलेनीस भेटून उत्तर सांगणें त्याच्या नशिबीं नव्हतें. किनाऱ्याजवळच्या डोंगरावरील बिझेनच्या मठाच्या परिसरांत तो आजारी पडून थोड्याच दिवसांत वारला. ज्यास सर्वांनीं तोतया म्हटलें, त्याचा खरेपणा हबसाणच्या भूमीनेंच सिद्ध केला. पुढें लेब्ना डेंगेलनें यूरोपांत पाठविलेल्या पत्रांतही, आपण अकरा वर्षांचे असल्यामुळें मातेउस यास राणी एलेनीनें पाठविलें होतें, असें स्पष्ट नमूद केलें.

पोर्तुगीज वकिलातीचा हबसाणांत फारसा आदर झाला नाहीं. सम्राटाच्या छावणीजवळ पोहोंचल्यावरही भेटीसाठीं त्यांस महिन्याहून अधिक काळ ताटकळावें लागलें. तलवार, कट्यार, भिंतीवर लावण्याचे चित्रपट, जगाचा नकाशा, एक वाद्य व मिरीचीं गोणीं असा नजराणा सम्राटास तोकडा वाटला. तह कांहीं ठरला नाहीं. वकिलात १५२६ पर्यंत हबसाणांतच राहिली. आल्वारिश यांनीं त्या सहा वर्षांत पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत १५४० मध्यें लिस्बन येथें छापून निघाला व हबसाणची खरी माहिती यूरोपास मिळाली.

या वकिलातीच्या वास्तव्यांतच, १५२२ मध्यें, एलेनी निवर्तली. चार पिढ्यांचे राजे पाहिलेली ही राजमाता गेली, तेव्हां सारा देश हळहळला. तिच्या जाण्यानें लहानथोर सर्वच पोरके झाले, ती होती तोंपर्यंत सर्वांस पाठीराखा होता, अशी लोकांची भावना झाल्याचें आल्वारिश यांनीं नोंदविलें आहे. परंतु तिनें जोडूं पाहिलेलें सख्य अपुरेंच राहिलें होतें. तिचा वकील मेला, तिचा पणतू तिचें ऐकेना, नजराणे वाया गेले. त्या दिवशीं कोणीही हिशेब केला असता, तर एलेनीचें कार्य फसलें असाच निकाल दिला असता.

पुढें जें घडलें तें मात्र तिच्या भाकिताप्रमाणेंच घडलें. महफूझचा जांवई अहमद इब्न इब्राहीम हा अदलांत प्रबळ झाला. हबशी लोक त्यास ग्रान्य, म्हणजे डावरा, म्हणत. सोमाली लोक आजही त्यास थोर वीर मानतात. १५२९ मध्यें शिंब्रा कुरे येथील लढाईंत त्यानें लेब्ना डेंगेलचा पराभव केला. पुढील दहा-बारा वर्षांत जवळजवळ सर्व हबसाण त्याच्या टाचेखालीं आला. शेंकडों वर्षांचीं मंदिरें व ग्रंथालयें भस्मसात् झालीं. विजयाच्या आनंदांत ज्यास मदतीची गरज वाटली नव्हती, तोच सम्राट डोंगरोडोंगरीं वणवण फिरूं लागला. १५३५ मध्यें त्यानें स्वतःच पोर्तुगालकडे मदतीसाठीं दूत पाठविला. मदत येण्यापूर्वींच, १५४० मध्यें, डेब्रा दामो या दोर धरूनच चढतां येणाऱ्या कड्यावरील मठाच्या आश्रयास असतां त्यानें देह ठेविला.

अखेर १५४१ मध्यें गोव्याहून निघालेलें आरमार मसावास आलें. वास्को द गामा याचा पुत्र एस्तेव्हांव हा तेव्हां पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. त्यानें आपला धाकटा भाऊ क्रिस्तोव्हांव याच्या हाताखालीं ४०० बंदूकधारी शिपाई देऊन त्यांस पठारावर धाडलें. लेब्ना डेंगेलची विधवा राणी सब्ला वेंगेल डेब्रा दामोच्या कड्यावरून उतरून त्यांस येऊन मिळाली. पहिल्या लढायांत पोर्तुगीजांस यश आलें व खुद्द अहमद जखमी झाला. तेव्हां त्यानें तुर्कांकडून बंदूकधारी व तोफा आणविल्या. ऑगस्ट १५४२ मध्यें वोफ्ला येथें पोर्तुगीजांचा मोठा पराभव झाला. जखमी क्रिस्तोव्हांव शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचा शिरच्छेद झाला. परंतु उरलेले शिपाई पळून गेले नाहींत. ते राणीभोंवतीं गोळा झाले व तरुण सम्राट गलावदेवोस याच्या सैन्यास मिळाले. २१ फेब्रुवारी १५४३ रोजीं वैना दगा येथें निकराची लढाई होऊन अहमद पडला आणि हबसाणचें राज्य वांचलें. एलेनीच्या पत्रास मिळालेलें खरें उत्तर हेंच. तें येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

या सख्याचा पुढील इतिहास तितका सुखाचा नाहीं. एलेनीनें बरोबरीची सोयरीक मागितली होती. परंतु हबसाणच्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीनें रोमची सत्ता मान्य करावी असा आग्रह पुढें सुरू झाला. गलावदेवोसानें तो नम्रपणें पण ठामपणें नाकारला. १६२२ मध्यें सम्राट सुसेन्योस यानें तो मान्य केला, तेव्हां देशांत यादवी माजली. शेवटीं १६३२ मध्यें त्यास आपला निर्णय मागें घ्यावा लागला. त्याचा पुत्र फासिलिदस यानें यूरोपियन धर्मोपदेशकांस देशाबाहेर काढलें. ज्या मैत्रीनें राज्य वांचविलें, तीच मैत्री एका पक्षानें दुसऱ्याच्या अंतःकरणावर हुकूम चालवूं पाहतांच तुटली. एलेनीच्या मूळ पत्रांतील बरोबरीचें नातें उभय पक्षांनीं जपलें असतें, तर कदाचित् निराळें घडलें असतें.

वाचकहो, एलेनीनें रणांगण गाजविलें नाहीं. तिच्या हयातींत तिच्या प्रयत्नास फळही आलें नाहीं. परंतु संकट दूर असतांना तें ओळखावें, मदतीची गरज भासण्यापूर्वीं मित्र जोडावे आणि दुसऱ्यापुढें हात पसरतांना आपली मान ताठ ठेवावी, हे तिचे तीन गुण कोणत्याही काळीं, कोणत्याही देशांत उपयोगाचे आहेत. आंब्याची कोय लावणारा आजोबा आंबे चाखावयास राहत नाहीं. तरीही तो कोय लावतो. हबसाणच्या या राजमातेनें लावलेल्या रोपट्याच्या सावलींत तिच्या नातवंडा-पतवंडांनीं आपलें राज्य परत मिळविलें, यांतच तिच्या जीविताचें सार्थक झालें.